‘सेफ्टी’ शब्दाचा आडोसा

खोपोलीलगतच्या साजगावी कार्तिकी एकादशीपासून जी यात्रा भरते तिच्या दैवतास लोक ‘बोंबल्या विठोबा’ म्हणतात. ह्या नावाची उपपत्ती विचारली असता कोणी यात्रेत ढिगांनी विकावयास येणाऱ्या सुक्या बोंबलाकडे बोट दाखवितो, तर कोणी देवाने मारलेल्या बोंबेची कथा सांगतो. दोहोंपैकी खरी कोणती हा वाद आम्हांस येथे करावयाचा नाही. लोकांच्या तोंडी बसलेला शब्द त्यांच्या ओळखीच्या वस्तूला जाऊन चिकटतो, व मग तो मुळात कोठून आला हे कोणी विचारीत नाही, एवढेच ह्या उदाहरणावरून घ्यावयाचे आहे. त्याच साजगावच्या आसपास गेल्या काही दशकांत पोलादाचे व रसायनांचे कारखाने उभे राहिले, आणि त्यांच्याबरोबर एक इंग्रजी शब्द भातखाचरांच्या बांधापर्यंत येऊन पोचला. तो शब्द ‘सेफ्टी’ हा होय. बोंबल्या विठोबाच्या नावाने कोणाचे वाईट झाले नाही. ह्या दुसऱ्या शब्दाने मात्र माणसे मरत आहेत असे आमचे म्हणणे आहे, व ते सिद्ध करून दाखविण्यासाठीच हा लेख लिहिला आहे.

प्रथम हा शब्द लोक कसा वापरतात ते पाहू. ‘सेफ्टी घाल’ म्हणजे शिरस्त्राण, बूट वा पट्टा अंगावर चढव. ‘सेफ्टीवाले आले’ म्हणजे ती अंगावर आहेत की नाहीत हे पाहणारा अधिकारी आला. ‘सेफ्टी म्हणून दोन पैसे जास्त ठेव’ हे वाक्य तर कारखान्याशी ज्याचा काडीचा संबंध नाही अशा घरीही ऐकू येते. आणि ह्या सर्वांच्या पलीकडचा, आमच्या मते सर्वांत भयंकर, असा एक प्रयोग आहे: ‘सेफ्टी टँक’. घराच्या वा इमारतीच्या मागे संडासाचा मैला ज्या बंद टाकीत साठतो तिचे इंग्रजी नाव ‘सेप्टिक टँक’. पण साजगावातच नव्हे, तर कोकणात, देशावर, विदर्भात, जेथे जाल तेथे गवंडी, प्लंबर, घरमालक, भाडेकरू सारे तिला ‘सेफ्टी टँक’ म्हणतात. काही ठिकाणी तर ठेकेदारांच्या पाट्यांवर व अंदाजपत्रकांतही ते असेच लिहिलेले आढळते.

सुशिक्षित माणूस हे ऐकून हसतो. अडाण्याने इंग्रजी शब्दाची कशी माती केली पहा, असा त्या हसण्याचा भाव असतो. ह्या हसण्यावर आमचा पहिला आक्षेप आहे. ‘सेप्टिक’ हा शब्द मराठी माणसाला उच्चारता येत नाही असे मुळीच नाही. पायात खिळा गेला, जखम चिघळली, म्हणजे खेड्यातील म्हातारीदेखील ‘जखम सेप्टिक झाली’ असे अगदी बिनचूक म्हणते. जीभ वळत नाही म्हणून ‘सेफ्टी’ झाले ही उपपत्ती त्यामुळे टिकत नाही. जखमेच्या बाबतीत डॉक्टरने शब्द दिला तेव्हा त्याबरोबर अर्थही दिला होता: सडली, विष चढेल, वेळीच उपाय करा. टाकीच्या बाबतीत इंजिनिअराने व ठेकेदाराने शब्द तेवढा दिला. आत काय होते हे कोणी सांगितले नाही. अर्थावाचून हाती आलेल्या शब्दाला लोकांनी जवळच्या, ओळखीच्या, चांगल्या वाटणाऱ्या शब्दाचा आधार दिला, यात लोकांचे काय चुकले? सिमेंटची पक्की बांधलेली, वरून झाकण असलेली, घाण दृष्टीआड करणारी वस्तू. तिला ‘सेफ्टी’ म्हणणे हे तर्काला धरूनच झाले. चूक असेलच तर ती ज्यांना दोन्ही शब्द ठाऊक होते आणि ज्यांनी हसण्यापलीकडे काही केले नाही त्यांची आहे.

आता आत काय होते ते पाहू. ‘सेप्टिक’ हा शब्द सडणे ह्या अर्थाच्या ग्रीक धातूपासून आलेला आहे. इंग्लंडातील एक्झिटर शहराचे सर्व्हेअर डोनाल्ड कॅमेरॉन ह्यांनी १८९५ च्या सुमारास मैला बंद टाकीत कुजविण्याची योजना केली व तिला हे नाव दिले. नाव प्रामाणिक होते: ही सडविण्याची टाकी आहे. हवा न लागता मैला सडला म्हणजे त्यातून वायू निघतात, आणि ही गोष्ट आपल्याकडे कोणास ठाऊक नव्हती असेही नाही. १८९७ च्या सुमारास मुंबईत माटुंग्याच्या कुष्ठधामात अशाच टाकीतील वायू धरून त्यावर इंजिन चालविण्याचा प्रयोग झाला होता, व जैववायूच्या इतिहासात जगभर त्याचा उल्लेख होत असतो. म्हणजे ज्या वायूने यंत्र फिरते तो ह्या टाकीत असतो हे मुंबई इलाख्यात सव्वाशे वर्षांपूर्वी माहीत झालेले होते. त्या वायूंपैकी मिथेन पेट घेतो, व कार्बन डायऑक्साइडसह तो टाकीतील हवेची जागा घेतो. तिसरा हायड्रोजन सल्फाइड हा सर्वांत कपटी. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास थोड्या प्रमाणात असताना चटकन येतो. प्रमाण वाढले म्हणजे तो वास घेण्याची नाकाची शक्तीच नष्ट करतो. आत उतरणाऱ्यास वाटते, आता घाण कमी झाली. वस्तुतः त्याच वेळी मृत्यू जवळ आलेला असतो. प्रमाण फार असेल तर एकदोन श्वासांत माणूस कोसळतो. ओरडण्यासही अवकाश मिळत नाही. जुन्या गवंड्यांची दिवा सोडून पाहण्याची युक्ती येथे पुरी पडत नाही, कारण दिवा ह्या विषाची वार्ता देत नाही, आणि मिथेन असला तर तो दिवाच घात करतो.

पहिला कोसळला की दुसरा त्याला काढावयास उतरतो, त्याच्यामागून तिसरा. अमेरिकेतील कामगार-आरोग्याच्या सरकारी संस्थेने १९८६ साली असे नमूद केले की, बंदिस्त जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक लोक हे दुसऱ्यास वाचविण्यास गेलेले असतात. आपल्याकडील बातम्या वाचल्या तर हेच चित्र दिसते. २०२३ च्या मे महिन्यात परभणी जिल्ह्यातील सोनपेठ तालुक्यात मैल्याच्या टाकीत पाच मजूर गेले. २०२४ च्या एप्रिलात विरारला सांडपाणी शुद्ध करण्याच्या केंद्रात चार गेले. २०२५ च्या मार्चात मुंबईत नागपाड्याला एका इमारतीची पाण्याची टाकी साफ करताना चौघे गुदमरून मेले. तेथे तर मैल्याचाही संबंध नव्हता, बंद जागेतील हवाच पुरेशी होती. मरणारे कोणत्या वस्तीतून आणि बहुधा कोणत्या जातींतून येतात हे वाचकांस वेगळे सांगावयास नको.

येथे कोणी अशी शंका घेईल की, नावाने काय होते? टाकीला ‘सेप्टिक’ म्हटल्याने वायू कमी विषारी होणार आहे काय? वायू होणार नाही हे खरे. परंतु कोणाला बोलवावयाचे, किती मजुरी द्यावयाची आणि आपण स्वतः तेथे उभे राहावयाचे की चहा घ्यावयास आत जावयाचे, हे त्या नावावर पुष्कळ अवलंबून असते. ‘विषाच्या खड्ड्यात माणूस उतरवावयाचा आहे’ असे ज्या घरमालकाला तोंडाने म्हणावे लागेल तो क्षणभर तरी अडखळेल. ‘सेफ्टी टँक साफ करून घ्यायचा आहे’ ह्या वाक्यात अडखळण्यासारखे काही नाही. गच्चीवरची पाण्याची टाकी धुण्याइतके ते निरुपद्रवी वाटते.

बरे, ‘सेफ्टी’ हा शब्द मुळात खोटा आहे असे आम्ही म्हणत नाही. आमच्या घरात तो प्रथम आला तो फार सरळ रूपाने आला. सेफ्टी पिन घ्या. १८४९ साली अमेरिकेत तिचे पेटंट निघाले. साध्या टाचणीचे टोक उघडे असते, ते बोटात जाते. ह्या पिनेने आपले टोक आपणच झाकून घेतले. पदराला पिन लावणाऱ्या बाईस ती ‘सांभाळून हो’ असा उपदेश करीत नाही. बाई घाईत असो, अंधारात असो, ती टोचत नाही. सेफ्टी म्हणविणाऱ्या काडेपेटीचेही असेच. जुनी काडी कशावरही घासली की पेटे, खिशातदेखील, आणि तिच्यातील पांढऱ्या फॉस्फरसाने कारखान्यातील मजुरांची जबड्याची हाडे सडत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास स्वीडनमध्ये निराळा तांबडा फॉस्फरस पेटीच्या कडेला लावून काडी व ठिणगी ह्यांची फारकत केली. ह्या दोन्ही वस्तूंत ‘सेफ्टी’ ह्या विशेषणाचा अर्थ एकच आहे: वापरणारा चुकला तरी वस्तूने त्याचा घात करू नये अशी तिची घडण. जबाबदारी घडविणाऱ्याने स्वतःवर घेतलेली आहे.

ह्या अर्थाचे मोठे उदाहरण पहावयाचे तर साजगावकरांस फार दूर जावयास नको. कर्जतहून वर चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. उतारावर गाडी आवरेनाशी झाली तर काय, ह्या प्रश्नाचे उत्तर तेथे ड्रायव्हरला पाटी दाखवून दिलेले नाही. मुख्य मार्गाला फुटलेला चढणीचा एक आडमार्ग ठेवलेला असतो, आणि सांधा त्या आडमार्गाकडेच लावलेला असतो. गाडी थांबली, आपल्या ताब्यात आहे असे तिने दाखविले, म्हणजे मग तिला मुख्य मार्ग मोकळा होतो. बेफाम सुटलेली गाडी आपोआप चढावर जाऊन अडकावी अशी ही रचना आहे. ड्रायव्हर किती सावध आहे ह्यावर तिचा भरवसा नाही. गंमत अशी की ह्या योजनेला कोणी ‘सेफ्टी’ म्हणत नाही.

आता कारखान्याच्या फाटकाकडे या. तेथे ‘सेफ्टी फर्स्ट’ अशी पाटी असते. कोठे तिच्याखाली ‘घरी कोणीतरी तुमची वाट पाहत आहे’ असेही असते. पाटी कोणास उद्देशून आहे पहा. ती मालकास उद्देशून नाही, यंत्र निवडणाऱ्यास नाही, रसायन साठविण्याची जागा ठरविणाऱ्यास नाही. ती आत जाणाऱ्या मजुरास उद्देशून आहे. वाट पाहणारे घर मजुराचे, म्हणून जपावयाचेही मजुराने. २०२० च्या नोव्हेंबरात साजगावच्या औद्योगिक भागातील एका रासायनिक कारखान्यात रात्री स्फोट होऊन माणसे दगावली. त्या रात्री डोक्यावरच्या शिरस्त्राणाने काय व्हावयाचे होते? शिरस्त्राण, बूट, पट्टा ह्यांस आम्ही निरुपयोगी म्हणत नाही. पण जी वस्तू धोका टाळण्याचे सर्व उपाय थकल्यावर शेवटी अंगावर चढवावयाची, तिलाच संपूर्ण ‘सेफ्टी’ हे नाव मिळाले, म्हणजे आधीचे उपाय भाषेतूनच नाहीसे होतात. ‘सेफ्टी दिली होती, त्याने घातली नाही’ हे वाक्य कोणत्याही अपघातानंतर ऐकून घ्या. एका वाक्यात चौकशी, निकाल व मालकाची सुटका!

१९४८ च्या कारखाने कायद्याची भाषा ह्याहून प्रामाणिक होती हे सांगणे प्राप्त आहे. त्याच्या छत्तिसाव्या कलमात टाकी, हौद, खड्डा, नळ अशा जागी विषारी वायूची शक्यता असेल तर काय करावे हे सांगितले होते. वायू काढून टाकण्याचे शक्य ते सर्व उपाय केल्यावाचून कोणी आत जाऊ नये; मग एकतर जाणत्या माणसाने स्वतः तपासणी करून तसा लेखी दाखला द्यावा, नाहीतर उतरणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे व पट्टा बांधावा, आणि त्या पट्ट्याच्या दोरीचे दुसरे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाच्या हाती असावे. हे दुसरे टोक फार महत्त्वाचे आहे. आत उतरलेल्या माणसाचा जीव बाहेरच्या एका विशिष्ट माणसाच्या मुठीत आहे, त्याने तेथून हलावयाचे नाही, असे कायदा सांगत होता. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. जुन्या कायद्याच्या नावात ‘कारखाने’ हा शब्द होता. नव्या संहितेच्या नावात ‘सुरक्षा’ हा शब्द अगदी आरंभीच आला आहे. दोरी कोणाच्या हातात राहते ते पुढे दिसेल.

घरामागची टाकी मात्र कारखान्यात मोडत नाही. तिच्यासाठी २०१३ चा हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणारा कायदा आहे. त्यानेही दुर्दैवाने तोच शब्द धरला. बंदी घातली ती ‘धोकादायक सफाई’ला, आणि धोकादायक सफाईची व्याख्या केली ती अशी की, मालकाने संरक्षक साधने व सफाईची उपकरणे न देता आणि सुरक्षेची खबरदारी न घेता हाताने करविलेली सफाई. ह्या व्याख्येतून जो अर्थ ठेकेदार उचलतो तो आम्ही कल्पनेने सांगत नाही: रबरी हातमोजे व नाकाला बांधावयाचा कापडी मास्क दिला की सेफ्टी दिली. कापडातून धूळ अडते, वायू अडत नाही, हे शाळेतल्या मुलासही समजावे. सर्वोच्च न्यायालयाने मैल्यात मेलेल्याच्या कुटुंबास २०१४ साली दहा लक्ष व २०२३ साली तीस लक्ष रुपये भरपाई ठरविली, ते योग्यच केले; परंतु भरपाई ही मेल्यानंतरची गोष्ट आहे.

इतका वेळ आम्ही कारखानदार व ठेकेदार ह्यांजकडे बोट दाखवीत होतो, त्यामुळे आमचा मध्यमवर्गीय वाचक स्वस्थ बसला असेल. त्याच्या स्वतःच्या तोंडी ह्या शब्दाचे एक भावंड आहे, ते आता पाहू. ‘सेफ साईड असावी म्हणून’ हा तो प्रयोग. कचेरीतील कारकून सेफ साईड म्हणून वरिष्ठाची सही घेतो. संस्थेचा चिटणीस सेफ साईड म्हणून ठराव करून ठेवतो. ह्या ठिकाणी कोणता धोका टळतो? कोणाचा हात मोडत नाही की जीव जात नाही. टळतो तो दोष आपल्यावर येण्याचा धोका. आणि हाच शब्द घेऊन गृहरचना संस्थेची कमिटी मैल्याच्या टाकीपाशी येते. ठेकेदाराकडून स्टँप पेपरवर लिहून घेतले जाते की, काही कमीजास्त झाल्यास संस्था जबाबदार नाही. कागदावर सही झाली, कमिटी सेफ साईडला गेली, आणि मजूर सेफ्टी टाकीत उतरला. ‘काही कमीजास्त’ म्हणजे काय हे त्या कागदावर जर स्पष्ट लिहावे लागले असते, तर किती सभासदांनी तो मंजूर केला असता? हे सभासद दुष्ट नसतात. त्यांची मुले चांगल्या शाळांत जातात, त्यांच्या घरी पुस्तके असतात, अपघाताची बातमी वाचून त्यांस वाईटही वाटते. त्यांच्या भाषेत मात्र दोष टाळणे व इजा टाळणे ह्यांस एकच शब्द आहे, आणि पहिले साधले की दुसरे साधले असे त्यांस मनापासून वाटू लागते.

भाषाशुद्धीचे अभिमानी ह्यावर तोडगा सुचवितील: ‘सेफ्टी’ काढा, ‘सुरक्षा’ घाला, म्हणजे झाले. आम्हांस त्यांच्या हेतूविषयी आदर आहे. पण पाटीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहून कित्येक वर्षे झाली. फरक काय पडला? उलट ‘सुरक्षा’ ह्या शब्दाची एक अडचण आहे. चोरापासून, शत्रूपासून राखण ह्या अर्थी आपण तोच शब्द वापरतो. फाटकावरचा रखवालदार ‘सुरक्षारक्षक’, देशाच्या सीमेवर ‘राष्ट्रीय सुरक्षा’. इंग्रजीत ह्या दोन अर्थांस दोन शब्द आहेत, आपण एकावर भागविले. त्यामुळे कारखान्यात सुरक्षा आहे काय असे विचारताच भिंत व रखवालदार डोळ्यांपुढे येतात. भिंतीच्या आतल्या टाकीचा विचार मनात येत नाही. बाहेरून येणारा चोर आणि आत शिजणारे विष ह्या दोहोंस एकाच शब्दाने कसे आवरावे?

आपल्या भाषेत ह्या कामाला उपयोगी पडणारा एक जुना, रोजच्या वापरातला शब्द आहे, तो म्हणजे ‘जोखीम’. फारसी-अरबी-संस्कृतच्या भांडणात आम्ही शिरत नाही. शब्द घरचा झालेला आहे. ‘जोखमीचे काम’ म्हटले की धोका आला. ‘जोखीम त्याच्यावर सोपविली’ म्हटले की जबाबदारी आली. ‘जोखीम अंगावर घेतली’ म्हटले की ती घेणारा आला. एका शब्दात धोका आणि त्याचा धनी दोघेही बांधलेले आहेत. ‘सेफ्टी आहे का?’ ह्या प्रश्नाला ‘आहे’ एवढे उत्तर पुरते. ‘जोखीम कोणाची?’ ह्या प्रश्नाला माणसाचे नाव सांगावे लागते. कमिटीच्या सभेत, ग्रामसभेत, कारखान्याच्या पाळीच्या तोंडाशी हा दुसरा प्रश्न विचारला जावा. आणि उत्तरात ज्याचे नाव येईल त्याने टाकी उघडी असेपर्यंत दोरीपाशी उभे राहावे.

टाकीच्या नावाबद्दल आम्ही नवा संस्कृत शब्द घडविण्याच्या भरीस पडत नाही. ‘मैल्याची टाकी’ हे जुने नाव आहेच, ते ऐकावयास घाण वाटते एवढाच त्याचा दोष, आणि आमच्या दृष्टीने तोच त्याचा गुण आहे. इंग्रजीच हवे असेल तर ‘सेप्टिक’ म्हणा, व जखमेच्या बाबतीत त्याचा जो अर्थ तुम्हांस ठाऊक आहे तो येथेही लावा. ज्यांच्या इमारतीमागे अशी टाकी आहे त्यांनी झाकणावर रंगाने मोठ्या अक्षरांत एवढे लिहून घ्यावे: ‘मैल्याची टाकी. आत विषारी वायू. कोणीही उतरू नये. उतरलेला पडला तर त्याच्यामागे उतरू नये.’ त्याखाली मैला उपसणाऱ्या यंत्राच्या गाडीसाठी कोठे कळवावयाचे तो दूरध्वनीचा क्रमांक आणि त्या इमारतीपुरती जोखीम ज्याच्याकडे आहे त्या कमिटी-सभासदाचे नाव असावे. नाव कोणाचे घालावयाचे ह्यावर सभेत वाद होईल, आणि तो व्हावा. रंगाचा डबा साजगावच्या नाक्यावरदेखील मिळतो.